अण्णांचा काटा बरोबर होता

आमच्या आष्ट्यात कुणी वजन उतरवायला निघालं की एखादा तरी म्हणतोच, "मोजून खाऊ नको बाबा. खोत अण्णांचं काय झालं, बघितलंस न्हवं? मोजून मोजून माणूस वाळून गेला." ऐकणारा मान हलवतो आणि दुसऱ्या दिवसापासून गरम पाण्यात मध-लिंबू घ्यायला लागतो.

अण्णांना जाऊन आता दीड वर्ष झालं. ही बोलवा माझ्यामुळे रुजली. ती खोटी आहे हे ठाऊक असलेली दोनच माणसं होती, त्यातलं एक गेलं. माझं सत्त्याहत्तरावं चालू आहे. आता लिहून टाकलेलं बरं.

गणपत खोत साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तेहतीस वर्षं नोकरीला होते. उसाची गाडी भरून येते, काट्यावर चढते. रिकामी होऊन परत चढते. दोन वजनांतला फरक म्हणजे ऊस. एवढंच काम, पण हंगामात शेकडो गाड्यांची रांग आणि प्रत्येक गाडीमागे एक संशयी चेहरा. काट्यावरच्या माणसाला आमच्याकडे कुणी पूर्ण विश्वासानं रामराम घालत नाही. अण्णांना घालत. एकदा एका ट्रॅक्टरवाल्यानं बायको, दोन पोरं आणि स्वयंपाकाची भांडीकुंडी उसाच्या मोळ्यांआड बसवून गाडी काट्यावर घातली. अण्णांनी काचेतून आकडा पाहिला, टायरांकडे पाहिलं आणि बाहेर येऊन म्हणाले, "उतरा सगळी खाली. तुमचं गाळप करायचं न्हाई आमाला." ही गोष्ट लोक अजून सांगतात. दुसरी गोष्ट कमी सांगतात. त्यांचा सख्खा भाऊ शंकर एकदा म्हणाला होता, माझी गाडी कमी भरली, काटा मारलास. अण्णांनी गाडी पुन्हा चढवली, तोच आकडा आला. शंकररावांनी बोलणं टाकलं ते टाकलंच. दोघांची घरं एकाच गल्लीत. एकोणीस वर्षं दोघं समोरासमोरून मान वळवून जात होते.

अंगकाठी उंच, सरळ. शर्टाच्या खिशात घडी केलेला कागद आणि शिसपेन्सिल. पेन ते वापरत नसत, "पेनाला खोडता येत न्हाई, मग माणूस चूक कबूल करत न्हाई," म्हणायचे. कुठलीही वस्तू हातात आली की तळवा दोनदा हलका खालीवर व्हायचा आणि आकडा निघायचा. आंबा, चप्पल, देवळातला नारळ. एका बारशाला कुणीतरी बाळ त्यांच्या हातात दिलं. तळवा हलला. "तीन किलो सहाशे," अण्णा म्हणाले. बायका भडकल्या, नजर लागते म्हणून. अण्णांना वाटलं आपला आकडा चुकला म्हणून ओरडतायत. घाईघाईनं म्हणाले, "आवं, दुपट्यासकट सांगितलं. दुपटं वजा करा."

खाण्याच्या वजनाकडे ते बायकोमुळे वळले. आक्का नव्वद किलोच्या होत्या, गुडघे गेलेले, साखर वाढलेली. सांगलीच्या डॉक्टरांनी आहाराचा कागद दिला. कुठल्या पदार्थात किती कॅलरी, दिवसाला किती हव्यात. बाकीचे नवरे असा कागद फ्रिजवर चिकटवून विसरतात. अण्णांनी तो पाठ केला. त्यांना त्यात काट्याचं गणित दिसलं. गाडीत किती भरलं, किती उतरलं, मागे काय राहिलं. छोटा इलेक्ट्रॉनिक काटा आणून ते दीड वर्ष पीठ, तेल, डाळ मोजत राहिले. आक्कांचे चौदा किलो उतरले आणि त्या काठी टाकून बाजाराला जायला लागल्या. पुढे डेंग्यूनं चार दिवसांत गेल्या. अण्णा दिवसकार्य झाल्यावर मला म्हणाले, "पंच्याहत्तर किलो सहाशे व्हती गुरुजी." मला तेव्हा ते विचित्र वाटलं. माझी बायको गेली त्यानंतर कळलं, की गेलेल्या माणसाविषयी पक्कं असं काहीतरी हाताशी लागतं.

आम्ही आठदहा म्हातारे-म्हाताऱ्या रोज सकाळी नगरपालिकेच्या बागेत फिरायला जायचो. मी प्राथमिक शाळेचा निवृत्त मुख्याध्यापक, त्यामुळे मोबाइलवरचा 'सकाळचे सोबती' हा ग्रुप माझ्याकडे आलेला. आरोग्याचे मेसेज मीच पुढे पाठवायचो. अण्णा सगळे वाचत आणि दुसऱ्या दिवशी बाकावर एकेक सोलायला घेत. कुठल्या कुठल्या समजुती होत्या आमच्या! भात सोडला की पोट जातं. सूर्य मावळल्यावर खाल्लेलं अंगाला लागतं. आमची हाडंच जड.

बापू पाटील, धान्याचा दुकानदार, या सगळ्यांचा पुढारी. तो म्हणायचा, "भाकरीनं वजन वाढत न्हाई. आमचा आजा जेवणाला तीन भाकरी खायाचा, अंगावर चरबी न्हवती."

"आजा मोटंवर हुता बापू," अण्णा म्हणाले. "तुमी गल्ल्यावर हाय."

त्याच बापूनं एकदा बनियनच्या आत प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून बागेला सहा फेऱ्या मारल्या. घामानं निथळत तो आम्हाला आपल्या दुकानातल्या पोत्यांच्या काट्यावर घेऊन गेला. सातशे ग्रॅम कमी. टाळ्या झाल्या. अण्णांनी तांब्या भरून दिला. बापू तहानलेलाच होता, घटाघट प्यायला, आणखी मागितला. मग अण्णा म्हणाले, "चढा आता परत." आकडा होता तिथं आला. "चरबी घामावाटं जात न्हाई. पाणी गेलं, पाणी आलं. घसा कोरडा करून तेवढा मिळवलासा."

शालन वहिनी या आमच्यातल्या एकट्या मनापासून वजनाला कंटाळलेल्या. सोमवार, गुरुवार, शनिवार, दोन एकादश्या. एवढे उपास करून वजन वाढतंच आहे म्हणून त्या रडकुंडीला आलेल्या. अण्णांनी त्यांच्याच घरात साबुदाण्याची खिचडी मोजायला लावली. साबुदाणा, कूट, तूप, बटाटा, वर दही-साखर. रोजच्या दोन जेवणांपेक्षा उपासाचं एक ताट जड निघालं. अण्णा म्हणाले, "वैनी, उपास देवासाठी करा. वजनासाठी करायचा तर देवाला मधी घेऊ नगा."

दर रविवारी दुकान उघडायच्या आधी बापूच्या काट्यावर सगळ्यांची वजनं व्हायची. पुरुषांसमोर वहिनींना चढायची लाज वाटे. पहिल्या रविवारी अण्णांनी ते ओळखलं आणि आम्हा सगळ्यांना रस्त्याकडे तोंड करून उभं केलं. स्वतःही पाठ फिरवली. "आकडा तुमीच वाचा, तुमच्याजवळच ठेवा. मला फकस्त सांगा, खाली की वर." तीन महिने आठवड्यामागून आठवडा वहिनींचा आवाज यायचा, "खाली." आम्ही रस्त्याकडे बघत टाळ्या वाजवायचो.

आता माझं.

बायकोला जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा बंगळुरात. माझं वजन चौऱ्याऐंशी, रक्तदाब वाढलेला, आणि इस्लामपूरच्या डॉक्टरांनी आठ किलो उतरवा म्हणून बजावलेलं. अण्णा दुसऱ्याच दिवशी कापडी पिशवीत काटा घालून सकाळी दहाला दारात उभे. "गुरुजी, तुमच्या अंगाला रोज दोन हजार लागत्यात. सोळाशे खायाचं. रोजचं चारशे अंगातनं निघतील. तीन म्हैन्यात चार-साडेचार किलो. काय सोडायचं न्हाई, भात पण खायाचा. मोजून."

त्यानंतर ते रोज यायला लागले. मला चहाखेरीज काही येत नव्हतं. त्यांनी मला कुकर लावायला शिकवला, चमचाभर तेलात भाजी करायला शिकवली. तेलाचा चमचा ते काठोकाठ भरून वर बोट फिरवायचे. पीठ मोजून दोन भाकऱ्यांचं मळायचे, त्यांच्या भाकरीला पापुद्रा यायचा आणि माझी दगड व्हायची. "ह्येच्यात कॅलरी तेवढ्याच हायत्या, फकस्त चावायचा व्यायाम जास्त," असं म्हणून माझी भाकरी ते स्वतःच्या ताटात घ्यायचे. दोघं जेवायचो. भांडी घासून ते साडेबाराला जायचे. मग संध्याकाळपर्यंत घरात कुणी नसे.

आमच्या घरात एक पितळी डबा आहे. त्यात गूळ आणि भाजके शेंगदाणे. उन्हातनं आलेल्या माणसापुढे आधी तो डबा ठेवायचा, मग पाणी. बायको असताना महिन्यातून दोनदा भरावा लागायचा. आमच्या भागात हे खाणं धरत नाहीत. ताट मांडून बसलो तर खाल्लं. बांधावर, उंबऱ्यात, उभ्या उभ्या तोंडात टाकलेलं कुणी मोजत नाही. चार घरी गूळ-शेंगदाणे खाऊन आलेला माणूस "सकाळपासनं काय पोटात न्हाई" म्हणतो आणि त्यात त्याला खोटं वाटत नाही. अण्णा जेवून घरी गेले की दुपारी तीनच्या सुमाराला मी त्या डब्यापाशी उभा राहायचो. दोन मुठी शेंगदाणे, एक खडा गूळ. खिडकीतून रस्ता दिसायचा. रस्त्यावर कुणी नसायचं.

पहिला महिना मला खरोखर सुचलं नाही की हे सांगायला हवं. अण्णा विचारायचे, "काल काय काय खाल्लं?" मी ताटातलं सांगायचो, ते टिपून कागद माझ्याच टेबलावर ठेवायचे.

महिन्यानं वजन जिथल्या तिथं. अण्णांनी आधी माझ्यावर संशय घेतला नाही, काट्यावर घेतला. बापूच्या दुकानातली लोखंडी मापं ठेवून तपासलं. मग सांगलीला जाऊन दुकानातल्या काट्याशी आपला काटा ताडून आणला. मग चमच्यावर संशय, मग गिरणीतल्या पिठात काही मिसळतंय का यावर. दुसऱ्या महिन्यात बाकावर बसून ते बापूला सांगत होते, "गूळ चालतो कोण म्हणतंय? साखर आन गूळ एकाच उसाची लेकरं. शेंगदाणा तर अर्धा तेलच." मी शेजारी बसलो होतो. मला तेव्हाच सगळं कळलं. त्या दिवशी घरी जाऊन त्यांना सांगितलं असतं तर ते हसले असते, एवढंच झालं असतं.

नाही सांगितलं. दोन कारणं होती. एक, मी गुरुजी होतो. दुसरं जास्त खरं आहे. वजन उतरायला लागलं की अण्णांचं रोजचं येणं संपेल आणि लबाडी कळली तर त्याच दिवशी संपेल, अशी मला दोन्हीकडून भीती होती. माझ्या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज दिवसातून अडीच तास असायचा. तो मला जपायचा होता. डबा मी वरच्या फळीवर, डाळींच्या मागे ठेवला आणि दुपारी स्टुलावर चढून काढायला लागलो.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी पोत्यांच्या काट्यावर चढलो. चौऱ्याऐंशी.

बापू म्हणाला, "अण्णा, तुमच्या गणिताची शिट्टी काय वाजंना गड्या! तीन म्हैनं कुकर चढलाय." सगळे हसले. अण्णांचा चेहरा उतरला. ते माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत, म्हणाले, "गुरुजी, राग मानू नगा. मधी कवा काय तोंडात टाकता? शेंगा, गूळ, फरसाण?"

मी म्हणालो, "म्हणजे मी खोटं बोलतोय?"

अण्णांनी चटकन हात जोडले. "तसं न्हवं गुरुजी. तुमी कशाला खोटं बोलशीला? चुकलं माजं."

बापू म्हणाला, "आवं, गुरुजींनी शाळेत माज्याकडनं गांधी जयंतीला भाषणं पाठ करून घेतल्याती, ते खोटं बोलत्याल व्हय?"

घरी येऊन मी ग्रुपवर लिहिलं, "तीन महिने काटेकोर कॅलरी मोजून खाल्ले. एक किलोही उतरला नाही. मोजण्याने काही होत नाही, ज्याची त्याची प्रकृती. स्वानुभव." तो मेसेज किती ग्रुपांवर गेला मला माहीत नाही. चार दिवसांनी तो मला दुसऱ्याच कुणाकडून, खाली कुठल्यातरी डॉक्टरांचं नाव जोडून, परत आला.

रविवारची वजनं बंद पडली. वहिनींनी मोजणं सोडून एकवेळचं जेवण सोडलं, दुपारी भुकेनं कासावीस होऊन मिळेल ते खाल्लं, आणि उतरलेलं सगळं वर्षाच्या आत परत आलं. बापूनं काढा सुरू केला. अण्णा माझ्याकडे आणखी आठ दिवस आले. शेवटच्या दिवशी माझ्या तीन महिन्यांच्या जेवणाचे सगळे कागद मागून घेतले. "बघतो कुठं चुकलं," म्हणाले.

पुढचं मला लांबून दिसत होतं. अण्णा वाळायला लागले. मुळात एकसष्ट किलोचा माणूस, शर्ट अंगावर लोंबायला लागला. गालफडं बसली. बागेत यायचे ते एकटेच फेऱ्या मारायचे. लोक कॅन्सर म्हणाले, क्षय म्हणाले, मग सर्वांना पटेल असं कारण सापडलं, मोजून खातो म्हणून. एकदा मी त्यांना गाठून विचारलं, "अण्णा, तब्येत?" ते म्हणाले, "तब्येत बरी हाय. आकडा सापडंना." काय करतायत हे मी ओळखलं, आणि घरी गेलो. पाच-सहा महिन्यांनी त्यांची मुलगी सुनंदा साताऱ्याहून आली, बापाला बघून दारातच रडली आणि घेऊन गेली. ते साताऱ्याला गेल्याचंही मला बापूकडून कळलं.

दोन महिने काढले आणि मग मी साताऱ्याची गाडी धरली. कऱ्हाड, उंब्रज, प्रत्येक थांब्यावर उतरून परत फिरावं वाटत होतं.

सुनंदाचं घर एमआयडीसीच्या बाजूला. जावई कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेले, नातवंडं शाळेत. अण्णांच्या अंगावर थोडं मांस चढलं होतं. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की मला उभं राहवेना. म्हणाले, "हितं कुणी बोलाय न्हाई गुरुजी. समदी कामावर. मी गॅलरीतनं गाड्या बघत बसतो. भरल्याली कुठली, रिकामी कुठली, टायरावरनं सांगतो. पर सांगायचं कुणाला?"

सुनंदा चहा ठेवायला आत गेली तेव्हा मी सांगितलं. सगळं सांगितलं, स्टुलासकट.

अण्णा रागावतील असं वाटलं होतं. ते पुढे सरकून बसले. "रोज?"

"रोज."

"किती?"

"दोन मुठी. आणि गुळाचा खडा."

"मूठ केवढी?" असं म्हणून त्यांनी हाक मारली, "सुनंदे! शेंगदाणं आण गं. आन गूळ. आन माळ्यावरचा काटा काढ!"

तिनं काटा पुसून आणला. अण्णांनी ताटली ठेवून आकडा शून्यावर आणला आणि मला म्हणाले, "घ्या. घरी घेत हुता तशी. लाजू नगा." मी मूठ भरली, ताटलीत टाकली. पुन्हा भरली. चार दाणे खाली सांडले ते त्यांनी वेचून परत मला दिले. "ह्ये पण तुमचंच." पन्नास ग्रॅम. मग गूळ फोडला, मी म्हणालो एवढा, त्यांनी ठेवला. तीस ग्रॅम. खिशातून कागद आणि शिसपेन्सिल निघाली. शेंगदाणे दोनशे ऐंशी. गूळ एकशे पंधरा.

"तीनशे पंच्याण्णव," अण्णा म्हणाले. मग भुवया आक्रसून, "पाच कुठं गेलं?"

"डब्याला चिकटलेल्या गुळावरून बोट फिरवायचो," मी म्हणालो.

अण्णा हसले. असं हसताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, सुनंदा घाबरून बाहेर आली. "बराबर हाय! सुनंदे, चारशेच्या चारशे! बराबर हाय गं!" म्हणून तिला कागद दाखवायला लागले. तिला काहीच कळेना.

हसणं थांबल्यावर त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. शेंगदाणे ताटलीत तसेच. मग बोलले ते माझ्याकडे न बघता.

"तुमचं कागद बघून मी तसंच खाल्लं गुरुजी. तुमी म्हणला तेवढंच, ग्रॅमला ग्रॅम. म्हणलं, माजं उतरत न्हाई तर गणित चुकीचं. माजं उतराय लागलं. मग तुमचं का न्हाई? गुरुजी खोटं बोलायचं न्हाईत. मग माजंच कायतरी चुकतंय. एक आकडा चुकतोय आन मला दिसत न्हाई. मग वाटाय लागलं, हितं दिसत न्हाई तर तेहतीस वर्सात तिकडं कितीदा दिसलं नसंल? कुणाकुणाच्या उसाचं?" ते थांबले. "शंकरकडं गेलो मी. हितं यायच्या आदी. पाया पडलो त्येच्या. म्हणलं, तुजं खरं आसंल. माजा काटा चुकला आसंल."

"मग?"

"मग काय. त्यो म्हणला, एकोणीस वर्सानं कबूल केलंस. दुसऱ्या दिवशी गावाला सांगितलं त्येनं. बोलाय लागला माज्याशी," अण्णा म्हणाले. "चांगलं बोलाय लागला."

ते म्हणाले, "मला सांगितलंसा, लय बरं केलं. आता त्येला सांगा. आन बापूला, वैनीला. मी सांगून कोण ऐकंल? तुमच्या तोंडून ऐकतील."

मी म्हणालो, "सांगतो."

परत येऊन काय केलं तेही लिहायला हवं. ग्रुपवर तीनदा मजकूर लिहिला आणि तीनदा पुसला. शंकररावांच्या घरासमोरून दोनदा गेलो, एकदा ते दारातच बसले होते, म्हणाले, "या गुरुजी, गूळ-पाणी घ्या." मी घाईत आहे म्हणालो. उद्या सांगू असं म्हणता म्हणता पाच महिने गेले आणि सुनंदाचा फोन आला. मेंदूत रक्तस्राव, सकाळी उठलेच नाहीत. मोजून खाण्याशी त्याचा काहीही संबंध नव्हता. गावात मात्र लगेच दोन्ही गोष्टी जोडल्या गेल्या, आणि त्या बोलण्यात भावाच्या उसाची कबुलीही मिसळली. आता अण्णांविषयी गावात दोन वाक्यं उरली आहेत. एक, मोजून मोजून गेला. दोन, शेवटी काटा मारल्याचं कबूल केलं.

पहिलं वाक्य माझ्या मेसेजमधून आलं आणि दुसरं माझ्या मुठीतून. शंकररावांच्या त्या गाडीच्या वेळी मी काट्यावर नव्हतो. पण अण्णांना स्वतःविषयी संशय कशानं आला, ते मला माहीत आहे, आणि त्यात त्यांची चूक पाच कॅलरींचीही नव्हती. हे छापून आलं की अंक घेऊन मी शंकररावांकडे जाणार आहे. ते वाचत नाहीत, डोळ्यांना दिसत नाही. मला समोर बसून वाचून दाखवावं लागेल.

त्या दिवशी साताऱ्यात अण्णा मला सोडायला स्टँडवर आले होते. नको म्हणत असताना आले. सांगली गाडी लागलेली होती, मला खिडकीची जागा मिळाली. कंडक्टरचा पत्ता नव्हता. अण्णा खाली, खिडकीशी उभे. जा म्हटलं, ऊन आहे. म्हणाले, "जाऊन काय करू?" पाच मिनिटं झाली, दहा झाली. बोलायचं सगळं झालं होतं. त्यांच्या मनात आता फक्त एक प्रश्न होता आणि तो ते पुन्हा विचारणार हे मला दिसत होतं. "सांगशीला न्हवं?" एवढाच. मी मान मागे टेकवली आणि डोळे मिटून घेतले. थकलेला म्हातारा माणूस, झोप लागली असं वाटावं.

ते बोलले नाहीत. मला वाटलं, गेले. इंजिन सुरू झालं, गाडी मागे सरकली, तेव्हा पापण्या थोड्या उघडल्या. अण्णा तिथंच होते. उन्हात डोळ्यांवर एक हात धरून दुसरा हात माझ्या खिडकीकडे हलवत होते. झोपलेल्या माणसाला. मी जागा होऊ नये म्हणून, अगदी सावकाश.